विहीर उपसली, झरा तसाच: आमवातासाठी प्लाझ्मा फिल्ट्रेशनचे परीक्षण

‘मशीनने रक्तातला वात गाळून काढतात’ अशी बातमी गावात पोचली की पहिला प्रश्न येतो, कुठे करतात. दुसरा, किती लागतात. त्याने नेमके होते काय, हा तिसरा प्रश्न बहुतेकदा अनामत भरून झाल्यावर सुचतो. म्हणून निकाल आधीच देऊन टाकतो. यंत्र चांगले, तंत्र पक्के. जीबीएस (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणे), मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायूंची ताकद जाणे), टीटीपी (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणे) या आजारांत ही सेवा माणूस परत आणते; तिथे दहापैकी नऊ गुण. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा याच उपचाराचे नाव घरोघरी पोचले. नेहमीच्या आमवातासाठी (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए) मात्र दहापैकी दोन, आणि ते दोनही कशाचे ते पुढे येईल.

आधी नावांचा गोंधळ. डायलिसिसच्या फिल्टरची छिद्रे इतकी बारीक असतात की युरिया, क्रिएटिनिन निघून जाते आणि प्रथिने रक्तातच राहतात. प्लाझ्मा फिल्टरची छिद्रे त्याहून कितीतरी मोठी. रक्तपेशी तेवढ्या अडतात. अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन), रक्त गोठवणारे घटक, प्रतिपिंडे (अँटीबॉडी) हे सगळे प्लाझ्मा म्हणजे रक्तातल्या पिवळ्या पाण्यासोबत बाहेरच्या पिशवीत जाते. ते फेकायचे आणि तेवढेच दुसरे द्रव परत द्यायचे, याला प्लाझ्मा एक्स्चेंज म्हणतात. दुहेरी गाळणीत हा प्लाझ्मा आणखी एका बारीक फिल्टरमधून जातो, मोठे रेणू तिथे अडतात आणि बरेचसे अल्ब्युमिन परत मिळते. गुडघ्यात देतात ते पीआरपी हे तिसरेच प्रकरण. त्यात हाताच्या शिरेतून थोडे रक्त काढून फिरवतात आणि प्लेटलेटचा भाग सांध्यात टोचतात. ‘प्लाझ्मा इंजेक्शन’ या नावामुळे गुडघ्याची झीज झालेले आबा आणि आमवाताची काकू एकाच रांगेत येऊन बसतात. झिजेवर प्लाझ्मा गाळण्याचा काडीचाही उपयोग नाही, त्यामुळे आबांचा विषय इथेच संपला.

काकूंचा आजार म्हणजे सकाळी तासभर बोटे न मिटणे, दोन्ही हातांचे मनगट आणि बोटांचे मधले सांधे सुजणे, कळण्याच्या पिठाचा गोळा हातात घेतला तरी भाकरी थापता न येणे. या आजारात रक्तात एक प्रतिपिंड सापडते, हे नॉर्वेच्या एरिक वॉलर यांनी १९४० साली दाखवले. तेच आजचे आरए फॅक्टर. रक्तात वाईट पदार्थ सापडला की तो काढून टाकावा असे कोणालाही वाटणारच, आणि १९७०च्या दशकात यंत्रे हाताशी आल्यावर डॉक्टरांनाही तसेच वाटले. यात अडचण अशी की आरए फॅक्टर क्षयरोगात, हेपॅटायटिस सीमध्ये आणि काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही सापडतो. उलट, आमवात असून तो नसलेले रुग्णही आहेत. सूज तयार होते सांध्याच्या आतल्या अस्तरात. तिथे पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात, टीएनएफ आणि आयएल-६ ही सूज वाढवणारी रसायने तिथेच बनतात. रक्त गाळणे म्हणजे विहीर उपसणे. यावल-रावेरच्या शेतकऱ्याला सांगायला नको, जिवंत झऱ्याची विहीर रात्री कोरडी केली तरी सकाळी पाणी असते.

किती उपसा होतो, हे आकड्यांत बघू. प्लाझ्मा मोजायचे सोपे सूत्र असे: वजन गुणिले ०.०६५ गुणिले (१ वजा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा). ५५ किलोची बाई, हिमॅटोक्रिट ३२ टक्के (आमवातात रक्त कमी असतेच), म्हणजे ०.०६५ × ५५ × ०.६८, साधारण २.४ लिटर. तेवढा प्लाझ्मा एकदा बदलला की रक्तवाहिन्यांतली सुमारे ६३ टक्के प्रतिपिंडे निघतात. शंभर टक्के का निघत नाहीत? कारण आत टाकलेले नवे द्रव जुन्यात मिसळत जाते आणि मग तेही थोडे थोडे बाहेर जाते. दीडपट बदलले तरी मजल सुमारे ७८ टक्क्यांवर थांबते. त्यात आयजीजी या प्रतिपिंडाचा निम्म्याहून कमी, साधारण ४५ टक्के, साठाच रक्तवाहिन्यांत असतो; उरलेला ऊतींत. म्हणजे एका बैठकीत शरीरातल्या एकूण आयजीजीपैकी जेमतेम २८ टक्के गेले, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ऊतींतले रक्तात उतरून पातळी पुन्हा वर. म्हणूनच बैठका एक दिवसाआड, पाच वगैरे लावतात. पाचही झाल्या तरी प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी जागच्या जागीच असतात. सोबत त्या पेशींना आवरणारे औषध नसेल तर काही आठवड्यांत पातळी होती तिथे येते.

आता या सेवेतली सगळ्यात फसवी गोष्ट: रिपोर्ट. आरए फॅक्टर मुख्यतः आयजीएम जातीचे, आणि आयजीएमचा बहुतेक साठा रक्तवाहिन्यांतच असतो. त्यामुळे दोन-तीन बैठकांत आकडा दणक्यात खाली येतो. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) तर आणखी खोटे बोलतो. ईएसआर वाढतो तो रक्तातल्या फायब्रिनोजेन आणि प्रतिपिंडांमुळे; ती दोन्ही पिशवीत गेली की सांधा तसाच सुजलेला असताना ईएसआर ८० वरून ३० वर येऊ शकतो. आजाराची तीव्रता मोजायचे डीएएस-२८ हे गणित ईएसआर घालून केले तर कागदावर रुग्ण सुधारतो. म्हणून आधी आणि नंतर सुजलेले सांधे बोटाने दाबून मोजा, सकाळचा ताठरपणा किती मिनिटे राहतो ते लिहून ठेवा, मुठीची पकड बघा. रक्त तपासायचेच असेल तर नमुना बैठक सुरू होण्याआधी घ्यावा, बैठक संपल्यावर कधीच नाही.

दुसरी फसगत स्टेरॉइडची. अॅलर्जी होऊ नये म्हणून बैठकीआधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आणि सोबत एव्हिल देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आमवातात तेवढ्या स्टेरॉइडनेही दुसऱ्या दिवशी बोटे मिटतात. काकू म्हणतात, ‘आते बरं वाटस’, आणि श्रेय मशीनला जाते. केसपेपरवर कोणते इंजेक्शन किती दिले ते वाचल्याशिवाय गुण कोणाचा ते ठरवू नये.

ही फसगत टाळायचा एकच मार्ग, खोट्या उपचाराशी तुलना. ती झालेली आहे. १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दुहेरी-अंध चाचणीत त्याच रुग्णांना काही काळ खरा प्लाझ्मा उपसा आणि काही काळ नुसते नाटक, असे आलटून-पालटून दिले. रक्ताचे आकडे सुधारले. सांध्यांत फायदा दिसला नाही. त्यानंतर साध्या प्लाझ्मा एक्स्चेंजची आमवातातली बाजू पुन्हा सावरली गेली नाही.

दोन गुण दिले त्यातला एक प्रोसॉर्बा स्तंभाचा. ही वेगळी चीज होती: सिलिकाच्या कणांवर स्टॅफिलोकोकस जिवाणूचे प्रोटीन ए बसवलेले, एका स्तंभात २०० मिलिग्रॅम. प्लाझ्मा वेगळा करून त्यातून सोडायचा आणि तोच रुग्णाला परत द्यायचा, एका वेळी सुमारे सव्वा लिटर, आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे. १९९९ साली अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) तो औषधांना दाद न देणाऱ्या आमवातासाठी मान्य केला. चाचणीत साधारण तिघांतल्या एकाला गुण आला, खोट्या उपचारात दहांतल्या एकाच्या आसपास. गंमत अशी की इतक्या थोड्या प्लाझ्मातून निघणारी प्रतिपिंडे नगण्य, आणि गुण येई तोही काही आठवड्यांनी. म्हणजे ‘घाण गाळली’ हे स्पष्टीकरण त्याला लागूच पडत नव्हते. बैठकीनंतर एक-दोन दिवस सांधे उलट जास्त दुखत. त्यातच १९९८ साली एटानरसेप्ट हे टीएनएफ अडवणारे इंजेक्शन बाजारात आले होते, घरी टोचता येणारे. स्तंभ मागे पडला आणि पुढे बंदच झाला. आज कोणी ‘एफडीए मान्य उपचार’ असे सांगून साधे प्लाझ्मा एक्स्चेंज देत असेल तर ती मान्यता या बंद पडलेल्या स्तंभाची होती, हे लक्षात असू द्या.

तरीही उपचार करायचा ठरलाच, किंवा डॉक्टरांनी योग्य कारणासाठी सांगितला, तर बैठक कशी असावी ते बघू.

मान किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत १२ फ्रेंच (सुमारे ४ मिलिमीटर) जाडीची दोन तोंडांची नळी घालतात. आमवाताच्या रुग्णात इथेच पहिला सापळा आहे. जुन्या आमवातात मानेचे पहिले दोन मणके सैल झालेले असू शकतात. मानेतली नळी घालताना मान ताणून वळवली तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. दहा-पंधरा वर्षांचा आजार असेल तर मान पुढे वाकवून आणि मागे ताणून काढलेला बाजूचा एक्स-रे आधी मागा. तो काढलेला नसेल तर नळी जांघेत बरी. ब्लड बँकेतल्या सेंट्रिफ्यूज पद्धतीच्या यंत्रावर कधी कधी हाताच्या शिरांवरही भागते, पण वर्षानुवर्षे सलाईन-इंजेक्शने घेतलेल्या हातांत तशा शिरा उरलेल्या नसतात.

फिल्टर आणि नळ्यांचा संच हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) घातलेल्या एक-दोन लिटर सलाईनने धुऊन, आतली हवा पूर्ण काढून जोडायचा. रक्ताचा वेग मिनिटाला १०० ते १५० मिली. प्लाझ्मा काढायचा वेग त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ठेवावा, म्हणजे १२० ला साधारण २५. या वेगाने २.४ लिटरला ९६ मिनिटे. जोडणी, धुणे, शेवटी रक्त परत देणे धरून अडीच-तीन तास. घाई करून प्लाझ्मा जोरात ओढला की फिल्टरच्या पडद्यावरचा दाब वाढतो, छिद्रे बुजतात आणि लाल पेशी फुटतात. बाहेरच्या पिशवीतले पाणी गव्हाच्या काडीसारखे पिवळे असायला हवे. ते गुलाबी झाले की थांबायचे. फिल्टर फाटला असेल किंवा पेशी फुटत असतील. कारण सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. हे पाणी रुग्णाच्या नातेवाइकालाही दिसते, आणि ‘घाण निघतेय’ असे म्हणत फोटो काढण्यापेक्षा रंगावर नजर ठेवलेली बरी.

काढलेल्याच्या जागी ५ टक्के अल्ब्युमिन देतात. बाजारात मिळते ती २० टक्क्यांची १०० मिलीची बाटली, म्हणजे २० ग्रॅम. एक बाटली आणि ३०० मिली सलाईन मिळून ४०० मिली ५ टक्के होते. २.४ लिटरला सहा बाटल्या. खर्च वाचवायला पहिला तिसरा हिस्सा, ८०० मिली, नुसते सलाईन दिले तरी बहुतेकांना चालते. मग चार बाटल्या पुरतात. पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर वापरणे ही जीवघेणी चूक आहे, त्याने रक्तपेशी फुटतात. फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा (एफएफपी, दात्यांचा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) स्वस्त पडतो म्हणून आमवाताच्या रुग्णाला सगळा उपसा एफएफपीने भरून देणे आम्हाला पटत नाही. पुरळ, थंडी-ताप, क्वचित फुप्फुसात पाणी, आणि दहा-बारा दात्यांच्या पिशव्या. टीटीपीत तो लागतोच, कारण तिथे त्यातलेच एक विकर रुग्णाला हवे असते.

बैठकीत ओठाभोवती, बोटांना मुंग्या येणे हे कॅल्शियम उतरल्याचे लक्षण आहे. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरत असतील तर ते हमखास, अल्ब्युमिननेही थोडे होते. चांगली सिस्टर दर पंधरा मिनिटांनी विचारते, ‘मावशी, ओठांना मुंग्या?’ वेग कमी करून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश दिले की भागते. बीपीसाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल चालू असेल तर ते किमान २४ तास आधी डॉक्टरांना विचारून थांबवावे लागते. अल्ब्युमिनसोबत या गोळ्यांनी चेहरा लाल होऊन बीपी एकदम कोसळू शकतो, आणि घरच्यांनी ‘बीपीची गोळी चुकवू नको’ म्हणून सकाळीच दिलेली असते.

नंतरचे धोके शांतपणे येतात. गोठवणारे घटकही गेलेले असतात. बहुतेक एका दिवसात भरून येतात, फायब्रिनोजेनला दोन-तीन दिवस लागतात. फायब्रिनोजेन १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर पुढची बैठक पुढे ढकलावी, नळी काढू नये आणि वेदनाशामक गोळ्या तर अजिबात नकोत. चांगली प्रतिपिंडेही गेल्यामुळे जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, त्यात रुग्ण आधीच स्टेरॉइडवर. रिटुक्सिमॅबसारखे महाग इंजेक्शन आदल्या दिवशी देऊन दुसऱ्या दिवशी प्लाझ्मा गाळला तर औषधाचा मोठा वाटा पिशवीत जातो. इंजेक्शन नेहमी उपशानंतर. एचआयव्ही, हेपॅटायटिसच्या प्रतिपिंड-चाचण्या पहिल्या बैठकीआधीच उरकाव्यात, नंतर त्यांचा निकाल भरवशाचा राहत नाही.

खानदेशात याला दोन गोष्टी आणखी जोडाव्या लागतात. पहिली ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या घरात जातो. अंगातले पाणी आधीच कमी, त्यात बैठक, की बीपी पडलाच. अल्ब्युमिनची बाटली ३० अंशांच्या आत ठेवायची असते. मेडिकलमधून घेऊन मोटारसायकलच्या डिकीत तासभर फिरवलेली बाटली वापरू देऊ नका. बर्फाला चिकटवून गोठवलीत तरीही ती बाद. दुसरी गोष्ट अंतर. चोपडा, शहादा, साक्रीहून एसटीने ये-जा करत एक दिवसाआड बैठका घ्यायच्या आणि मधल्या दिवसांत नळी घालून घरी जायचे, हा बेत मोडून काढावा. घाम, धूळ आणि जांघेतली नळी यांतून थंडी-तापाचा संसर्ग थेट रक्तात जातो. बैठका संपेपर्यंत मुक्काम दवाखान्यातच.

सातपुड्याच्या पट्ट्यासाठी एक सूचना. अक्राणी, अक्कलकुवा भागातला तरुण मुलगा सांधे दुखतात म्हणून आला तर आरए फॅक्टरच्या आधी सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी करा. नंदुरबार जिल्ह्यात हा आजार माहितीचा आहे आणि त्याच्या दुखण्याला आमवात समजून प्लाझ्मा गाळणे म्हणजे दोन्हीकडून नुकसान. तसेच चिकुनगुन्या होऊन गेल्यावर महिनोन् महिने सांधे धरतात. तेही बरेचदा आमवाताच्या फाइलमध्ये जाऊन बसते. अँटी-सीसीपी या आमवाताच्या अधिक नेमक्या रक्तचाचणीने बराच उलगडा होतो.

बिलाचे सांगायचे तर ‘पॅकेज’ या शब्दावर थांबू नका. फिल्टर संच, नळी, अल्ब्युमिनच्या बाटल्या, यंत्राचे शुल्क, आयसीयूची खाट, तपासण्या, हे वेगवेगळे लिहून मागा. सगळ्यात मोठा आकडा अल्ब्युमिनचा निघतो: एका बाटलीची किंमत चार आकडी, आणि पाच बैठकांना वीस ते तीस बाटल्या. फिल्टर संच एका बैठकीचा असतो. तोच धुऊन पुन्हा वापरणार असतील तर नाही म्हणा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या निदानासाठी हा उपचार बसतो का, ते अनामत भरण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर जाऊ नका.

उरलेला दुसरा गुण कोणासाठी? आमवातातच रक्तात क्रायोग्लोब्युलिन (थंडीत गोठणारी प्रथिने) साठले, रक्त अतिघट्ट झाले, किंवा रक्तवाहिन्यांना सूज येऊन बोटे काळी पडायला लागली, नस मेली, अशा मोजक्या प्रसंगी तज्ज्ञ वेळ मिळवण्यासाठी प्लाझ्मा उपसा करतात. तिथेही तो एकटा नसतो, सोबत स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब असते. नुसत्या सुजलेल्या बोटांसाठी, ‘गोळ्या नको, एकदाच रक्त साफ करून टाका’ म्हणून आलेल्यांसाठी, हा गुण नाही.

त्याच पैशांत काय येते, तेही मोजा. मेथोट्रेक्सेट आजही पहिले औषध आहे, आणि ‘गोळ्यांनी गुण नाही’ म्हणणाऱ्या अनेकांच्या चिठ्ठीवर ते ७.५ मिलिग्रॅमवरच अडकलेले दिसते. ते सोसेल तसे २०-२५ पर्यंत वाढवता येते, पोटाला झेपत नसेल तर इंजेक्शनने. सोबत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासॅलॅझिन. एवढे तीन महिने नीट करूनही सूज राहिली तर टोफासिटिनिबच्या गोळ्या किंवा अॅडालिमुमॅब. अॅडालिमुमॅबचे जगातले पहिले बायोसिमिलर (मूळ औषधाशी जुळणारी दुसऱ्या कंपनीची आवृत्ती) २०१४ साली भारतातच बाजारात आले. या दोन्हींच्या आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचे: फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही, आणि वीज गेली तर दार उघडायचे नाही.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्याने तोंड सोलवटून, पांढऱ्या पेशी खाली येऊन माणसे आयसीयूत पोचतात. गावाच्या बाजाराचा दिवस ठरवून टाका. पाकिटावर पेनाने तोच वार लिहा आणि फॉलिक अॅसिडच्या पाकिटावर दुसरा. दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन. या तीन तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये होतात, त्यासाठी नाशिक-पुणे गाठावे लागत नाही.